बाराव्या अक्षरानंतरचा श्वास

तुळशीचं लग्न लागलं की दिल्लीला चेव येतो. रस्त्यावर घोडी येते, घोडीपुढे बँड, बँडच्या दोन्ही बाजूंना डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेतलेली माणसं, आणि या सगळ्यांच्या मागे अडकलेल्या ऑटोत मी, ऑफिसची पर्स मांडीवर धरून. "शादियों का सीज़न है मैडम," ऑटोवाला सांगतो, जशी काही मी कालच दिल्लीत उतरले. बँड काय वाट्टेल ते वाजवत असतो. माझी बोटं मात्र पर्सवर दुसरंच काहीतरी मोजायला लागतात. तीन जड, दोन हलकी, पुन्हा एक जड. ही खोड बाबांची. आता माझी झाली आहे.

लग्नसराईत माझा फोनही तापतो. इथल्या मराठी मंडळींपैकी कुणाकडे लग्न ठरलं की मेसेज येतो: मुलगा विहान, मुलगी अद्विता, आत्याचं नाव आलंच पाहिजे, आणि जमलं तर शुक्रवारपर्यंत. मी काय सामोसे तळते का? पण नाही म्हणवत नाही. घरच्या माणसांची नावं गुंफलेलं एक तरी मंगलाष्टक हवंच असतं आपल्याकडे, मग ते पुणं असो नाहीतर नोएडा. पूर्वी हे काम बाबांचं होतं. त्यांचा आवाज थकला तसं ते माझ्याकडे आलं. मी नावं तोलून पाहते. विहान बसतो, अद्विता बसते, आत्या सुलोचनाबाई काही केल्या बसत नाहीत.

मंगलाष्टकांचं वृत्त शार्दूलविक्रीडित. नाव ऐकून दचकायचं कारण नाही, चाल सगळ्यांना येते. अंतरपाटाच्या दोन बाजूंना वधूवर उभे असतात आणि गुरुजी नाकातून जी लांबवत असतात, तीच. ओळीत एकोणीस अक्षरं, जड कुठली आणि हलकी कुठली याचा क्रम ठरलेला. आणि बाराव्या अक्षरानंतर थांबून श्वास घ्यायचा. त्या थांब्याला यती म्हणतात. बाबा म्हणत, अक्षर चुकलं तर कान दुखतो, यती चुकला तर अर्थ दुखतो.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरपुढे हिवाळ्यात ऊन पडायचं, त्या उन्हात रजया पसरलेल्या असायच्या, आई मटार सोलत असायची आणि आम्ही दोघी बहिणी बाबांसमोर बसून शब्द तोलत असायचो. बाबांना वृत्तांचा इतका सोस की मुलींची नावंही वृत्तांवरून ठेवलेली. थोरली मालिनी, धाकटी मी शालिनी. मालिनी वृत्तात ओळीला पंधरा अक्षरं, शालिनीत अकरा. "तुझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि चार अक्षरांनीही," असं ताई मला चिडवायची. कविता कुठलीही असो, रसग्रहणाला बाबांचे प्रश्न तेवढेच. हे कोण म्हणतंय आणि कुणाला? ते श्वास कुठे घेतंय? आणि ऐकून तुला काय झालं? शेवटच्या प्रश्नाला मी "छान वाटलं" म्हटलं की बाबा मटारचं साल फेकून मारायचे. ताईचं उत्तर मात्र ते ऐकून घ्यायचे. तिला कविता कळायची. मला ती फक्त मोजता यायची.

त्या ताईनं लग्नाच्या आठवडाभर आधी घर सोडलं. लग्न वैशाखात होतं, मुलगा पुण्याचा, पत्रिका वाटून झाल्या होत्या. तिनं पानिपतच्या सुरिंदरशी कोर्टात लग्न केलं. त्याच्या घरचा चादरींचा धंदा, माणूस सरळ, पण ते कळायला कुणी थांबलं नाही. "आमचं पानिपत झालं," एवढं एकच वाक्य बाबा बोलले. मग ते ओळखीच्या एकेका घरी जाऊन लग्न मोडल्याचं सांगून आले. भर उन्हातून, पायी. मी तेव्हा कॉलेजात होते. संध्याकाळी बाबा परत आले तेव्हा त्यांचे ओठ सुकून फाटले होते, आणि आमच्या दारातला बहावा इतका पिवळाधमक फुलला होता की मला त्या झाडाचा राग आला.

त्यानंतर त्यांनी ताईचं नाव उच्चारलं नाही. ताई गाझियाबादला राहायला आली. आई तिला सरोजिनी मार्केटात, स्वेटरच्या ढिगांआड भेटायची आणि घरी येताना काहीतरी स्वस्तातलं घेऊन यायची, पुरावा म्हणून. आई गेली तेव्हा ताई आली होती. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं ते ती जाईपर्यंत वळवलं नाही. म्हातारा हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाचं ऐकणार नाही. पुढे बाबा माझ्याकडेच राहिले आणि ताई मला बाहेरच भेटत राहिली.

तर माझ्या मुलीचं, सानिकाचं लग्न ठरलं ती लग्नसराई. चार हिवाळे झाले त्याला. मुलगा लखनौचा. मला वाटलं आता घरात आग लागणार. पण बाबा शांतपणे म्हणाले, मुलगा बरा आहे, नमस्कार नीट करतो. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला ताई आठवली. ताईला हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

यादी करायला बसलो तेव्हा मी मनाचा हिय्या करून म्हटलं की ताईला बोलवायचं आहे. सानिकाची ती एकुलती एक मावशी. बाबा औषधाची पट्टी उलटीसुलटी करत होते. मान वर न करता म्हणाले, "ती आली तर मी उठून जाईन." आवाज चढवला नाही. चढवला असता तर भांडता आलं असतं.

मग एका सकाळी, धुकं विरून बाल्कनीत जरा कोवळं ऊन आलेलं असताना, कानटोपीतून त्यांनी जाहीर केलं की सानूचं मंगलाष्टक तयार आहे. आणि म्हणायला लागले.

वैशाखी जळते उन्हात अवनी, दारी बहावा फुले

सानिका तिथेच केस वाळवत बसली होती. दिल्लीत वाढलेली पोर, तिला अर्धे शब्द विचारावे लागतात. "आजोबा, बहावा म्हणजे?" अमलतास, मी सांगितलं. "अच्छा, अमलतास. यार आजोबा, पण डिसेंबरमध्ये अमलतास कुठे असतो?" बाबा म्हणाले, वृत्तात बसतं ते. सानिका "चलो, ठीक है" म्हणून आत गेली आणि मी तिथेच खिळले. वृत्तात बसतं म्हणून शब्द? भरीचा शब्द म्हणजे भाड्यानं आणलेला वऱ्हाडी, असं सांगत आयुष्य काढलेला हा माणूस.

बाबांनी पुढच्या दोन ओळी म्हटल्या. दुसरीत आईचे डोळे होते, तिसरीत उंबऱ्याबाहेर पडलेलं पाऊल. चौथीपाशी थांबले आणि चौथी गायली नाही, नुसती सांगितली.

मागे पाहु नको, इथेच असतो, जा सानिके तू सुखे

मी पोळ्या लाटायला आत गेले, पण हात चालेना. बाबांचेच प्रश्न डोक्यात फिरत होते. हे कोण म्हणतंय? आजोबा नव्हे. आजोबांच्या दारातून मुलगी जात नसते, बापाच्या दारातून जाते. कुणाला? सानिका हा शब्द तोलून पाहिला. जड, हलकं, जड. मग दुसरं नाव त्याच जागी ठेवलं. मालिनी. जड, हलकं, जड. काटा तसूभरही हलला नाही. आता वैशाखही कळला आणि बहावाही. सकाळची गोळी घेतली की नाही हे न आठवणारा माणूस या चार ओळी एकदाही न अडखळता म्हणत होता. त्या काल-परवाच्या असणंच शक्य नव्हतं.

मी त्यांना काही बोलले नाही. रविवारी मेट्रो पकडली. "ती गाझियाबादला." हेसुद्धा वृत्तात बसतं, यतीनंतरची सात अक्षरं नेमकी. दिलशाद गार्डन मागे पडेपर्यंत मी ते खुळ्यासारखी मोजत होते, कारण मोजणं थांबवलं असतं तर भीती वाटायला लागली असती. लग्नाला जेमतेम दोन आठवडे उरले होते. ताई आली नसती तर मला ते लग्न गोड लागलं नसतं. ती आली असती आणि बाबा उठून गेले असते, तर सानिकाच्या आयुष्यातला तो दिवसच नासला असता.

ताई ओट्यापाशी गाजरं किसत होती. मी उभ्याउभ्याच चारी ओळी म्हणून दाखवल्या, सानिकाच्या नावासकट. तिचा हात थांबला. तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं बोटांवर मोजलंसुद्धा नाही.

तिनं पहिली गोष्ट विचारली ती वेगळीच. वराचं नाव कुठाय? ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मंगलाष्टकात दोघांची नावं असतात. ती आशीर्वादाची रचना, दोघांना मिळून दिलेली. इथे एकटी मुलगी होती आणि एक तिच्याशी बोलणारा माणूस. मी म्हटलं, पुण्याच्या मुलाचं नाव बसत नसेल. ती हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं.

"हे नंतर लिहिलंय, शालू. आधीचं असतं तर पुण्याच्या त्या मुलाचं नाव असतं. नंतरचं आहे, आणि सुरिंदरचं नाव नाही. सुरिंदर बसतं त्यात. सातव्या अक्षरापासून दहाव्यापर्यंत. इतक्या वर्षांत मी बसवून पाहिलंय."

गाझियाबादच्या त्या स्वयंपाकघरात, पंजाबी सासरच्या धबडग्यात, ही बाई एवढी वर्षं नवऱ्याचं नाव शार्दूलविक्रीडितात बसवून पाहत होती. मला रडू आलं आणि तिला ते दिसू नये म्हणून मी किसणी हातात घेतली.

मग ती चौथी ओळ म्हणू लागली, स्वतःशीच. मागे पाहु नको. तिथे थांबायची. पुन्हा म्हणायची, पुन्हा "नको"पाशी ठेच लागल्यासारखी थांबायची. हे मंगलाष्टक नाही, ती म्हणाली, हे दार लावून घेणं आहे. पहिल्या ओळीत जमीन जळते आहे, शेवटच्या ओळीत बाप म्हणतो आहे, वळू नकोस. तूच सांग याचा भाव काय. मी म्हटलं, पण पुढे "इथेच असतो" आहे ना? ती म्हणाली, असतील, दिल्लीतच होते, सरकारी नोकरी टाकून जाणार कुठे? आणि सानिकाच्या लखनौच्या मुलाला चालवून घेतलं, तेव्हा राग सुरिंदरवर नव्हताच, माझ्यावर होता. तो आहे तसा आहे.

तेव्हा मी विचारलं, बाबा रिटायर झाल्यावर पुण्याला का गेले नाहीत? फ्लॅट घेऊन ठेवला होता, भाऊबंद होते, दिल्लीच्या थंडीनं त्यांचे गुडघे जातात, आईनं तर किती मागे लागून पाहिलं. "इथलं पाणी मानवलंय" एवढंच म्हणायचे. दिल्लीचं पाणी कुणाला मानवतं? बाहेर कुणाच्यातरी मांडवात ढोल सुरू झाला होता.

ताईनं किसलेल्या गाजराकडे बघत हात पुसले. मग म्हणाली, "रागानं म्हटलंय की मायेनं, एवढंच मला कळायला हवं. आणि ते त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळायचं नाही." येतेस का, मी विचारलं. बघते, म्हणाली.

ते दोन आठवडे माझे कसे गेले ते मीच जाणे. केटररशी बोलताना, मेंदीवालीशी घासाघीस करताना, ऑफिसच्या फायली उपसताना डोक्यात ती एक ओळ. बाबा रोज सकाळी रियाज करायचे. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, आणि मग शांतता. चौथी एकदाही नाही. मी विचारलं की म्हणायचे, ती मला येते. मी चहाचं आधण ठेवून स्वयंपाकघरात कान लावून उभी राहायचे आणि रोज तिसऱ्या ओळीनंतर चहा उतू जायचा.

लग्नाच्या दिवशी धुकं इतकं की लॉनच्या कडेची झाडं दिसत नव्हती. मुहूर्त दुपारचा होता म्हणून बरं. दहा वाजता ताईला फोन लावला तर सुरिंदरनं उचलला, हायवेवर काही दिसत नाही म्हणाला, धीरे-धीरे आ रहे हैं. म्हणजे येत होते. हे हवंच होतं मला, आणि आता नको झालं होतं. मुलीच्या आईनं मंगलाष्टकं ऐकायची नसतात, तुळशीपाशी जाऊन बसायचं असतं, असं आमच्यात म्हणतात. मी बसणारी नव्हते. मी बाबांच्या खुर्चीमागे उभी राहिले, ते उठले तर धरता यावं म्हणून.

अंतरपाट धरला गेला. लखनौच्या मंडळींना काही कळत नव्हतं. ती बिचारी कुणाच्याही आवाजावर मूठभर अक्षता उधळत होती. गुरुजींची मंगलाष्टकं झाली, माझ्या नणदेचं झालं, आणि माइक बाबांच्या हातात आला. शेजारच्या लॉनमधला डीजे नेमका तेव्हा थांबला.

पहिली ओळ बाबांनी अशी म्हटली की त्या धुक्यात मला ऊन लागलं. बाराव्या अक्षरावर श्वास, मग बहावा. दुसरी ओळ. तिसरी. आणि तिसरीच्या शेवटी त्यांची नजर अंतरपाटावरून, खुर्च्यांवरून, पार कमानीपर्यंत गेली. ताई तिथे उभी होती. शाल ओली, केस ओले, मागे एक पाऊल सोडून सुरिंदर.

बाबा थांबले. माइक तोंडापासून हातभर खाली आला. अंतरपाट धरलेल्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, गुरुजींनी घड्याळ पाहिलं, "आजोबा, चौथी" असं हळूच म्हटलं. बाबा तिच्याकडे बघत होते. आईच्या वेळी भिंतीकडे वळलेलं तोंड या वेळी वळलं नव्हतं, पण त्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येईना. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. आता उठतील. आता माइक ठेवतील.

आणि कमानीपासून आवाज आला, माइकशिवाय.

मागे पाहु नको

तिथे तो फाटला. ती थांबली. मग उरलेलं सगळं तिनं एका दमात म्हटलं, इथेच असतो जा सानिके तू सुखे. सानिकाचं नाव घातलं तिनं. जी जागा तिची होती तिथे तिनं भाचीला बसवलं, आणि ती मागे पाहू नको म्हणत असतानाच सानिकानं, मुंडावळ्या सावरत, मागे वळून मावशीला पाहिलं. सगळे "सावधान" म्हणाले. लखनौकरांनी उरल्यासुरल्या अक्षता आमच्याच डोक्यावर रिकाम्या केल्या. अंतरपाट खाली आला.

माळा पडल्या, सनई लागली, लोक गळ्यात पडू लागले. मी हसत होते, नमस्कार घेत होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाबांना शोधत होते. ते उठून गेले नव्हते. हीटरजवळच्या खुर्चीत शाल गुडघ्यांवर ओढून बसले होते. उठून जाईन म्हणणारा माणूस बसून राहिला, याचा अर्थ काय लावायचा? थकले असतील. चारचौघांत तमाशा नको म्हणून गिळलं असेल. मला काही ठरवता येत नव्हतं, आणि ताईला तर अजिबात येत नव्हतं. ती कमानीपाशीच घुटमळत होती, पर्सचा पट्टा हाताला गुंडाळत.

शेवटी तीच निघाली. बाबा हिवाळ्यात गरम पाणीच पितात हे तिला आठवत होतं. तिनं केटरिंगच्या मुलाकडून पेलाभर घेतलं आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मीही सरकत सरकत जवळ पोचले. बाबांनी पेला घेतला. दोन घोट प्यायले. तिच्याकडे पाहिलं नाही, हीटरच्या लाल तारांकडे पाहत राहिले. मला वाटलं, संपलं, एवढंच.

मग ते म्हणाले, "यती चुकला तुझा."

ताई ऐकायला जरा वाकली.

"'नको'वर नाही थांबायचं, मालिनी. 'असतो'वर थांबायचं."

इतक्या वर्षांत ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आवाज नेहमीचाच होता, मटारच्या सालांच्या दिवसांतला, चूक दाखवतानाचा. त्यांनी पेला खाली ठेवला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरची माझी पर्स उचलून मांडीवर घेतली. परत म्हण, म्हणाले.

ताई त्या खुर्चीत बसली आणि तिनं ती ओळ परत म्हटली, हळू, फक्त आम्हाला ऐकू येईल एवढ्या आवाजात. या वेळी ती "नको"वर अडखळली नाही. "असतो"पर्यंत सरळ आली आणि तिथे थांबली. बराच वेळ थांबली. बाबांनी तिला घाई केली नाही.